जन्माआधीची पाचवी

आई, तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि काल दुपारी दवाखान्यातून फोन आला. तीच ती गोड बोलणारी मुलगी. "मॅडम, पाळीची तारीख कळवाल का? म्हणजे गर्भ कधी ठेवायचा ते ठरवता येईल." मी म्हटलं, "आमच्या सासूबाई गेल्या." ती बिचारी चाचरली. म्हणाली, "अरेरे, सॉरी मॅडम. काही घाई नाही हं. गोठवलेलं आहे सगळं, ते कुठे जात नाही." फोन ठेवला आणि मला हसू फुटलं. घरातली माणसं पटापट चालली आहेत, गोठवलेले तेवढे कुठे जात नाहीत. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "काय गं ही तुझी जीभ!" आणि माझ्याआधी तुम्हीच हसला असतात.

तुमच्या नणंदबाई, आपल्या नामपूरच्या आत्याबाई, अजून इथेच आहेत. त्यांनी फोन ऐकला. लगेच म्हणाल्या, "वर्ष होऊ दे. वर्षाच्या आत घरात शुभकार्य करत नाहीत." मी म्हटलं, "आत्याबाई, हे शुभकार्य आहे की दवाखाना?" त्या विचारात पडल्या. खरं सांगू, मीसुद्धा पडले. लग्न असतं, मुंज असती, तर कुणालाही विचारता आलं असतं. काचेत वाढवलेला आणि तपासून घेतलेला गर्भ पोटात ठेवायला सुतकानंतर किती थांबायचं, हे कुठल्या पंचांगात बघू? निलेशला विचारलं, तर तुमचा मुलगा म्हणाला, "तुला योग्य वाटेल तसं." म्हणजे पुन्हा मीच. तुम्ही एका वाक्यात निकाल लावला असतात. तो तुमचा एक शब्द मिळाला नाही, म्हणून इथे तुमच्या खुर्चीसमोर बसून बडबडते आहे.

एक शब्द तुम्ही मला तसाही दिला नव्हतात म्हणा. "हो, कर" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत.

सायखेड्याच्या नर्सबाई तुम्ही. निम्मी नोकरी बाळंतपणं करण्यात गेली आणि उरलेली निम्मी भांडण्यात. पाचवीच्या पूजेला बायका पाटा-वरवंटा मांडून, सटवाईनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवायच्या, तेव्हा तुम्ही दारातूनच ओरडायच्यात, "सटवाई यायची तेव्हा येईल, आधी पोराला पाजा!" आणि पोटात मुलगी आहे हे चोरून जाणून घेऊन गर्भ पाडायला तालुक्याला निघालेल्या घरांशी तर तुम्ही हातघाईवर यायच्यात. एका सासऱ्यानं तुम्हाला विचारलं होतं, "नर्सबाई, तुम्हाला काय करायचंय?" तुम्ही त्याच्याच ओट्यावर बसलात आणि सूनबाई पिशवी खाली ठेवेपर्यंत उठला नाहीत. ही गोष्ट मी लग्न होऊन आले त्या आठवड्यातच ऐकली. बाप रे, अशी सासू, असं मनात आलं होतं.

मग आपली ओवी झाली. तुमच्याच हातात पहिल्यांदा दिली तिला. मी म्हणत होते, मान धरेल की, काही मुलं उशिरा धरतात. तुम्ही तिला एकदा पालथी घातलीत, पुन्हा उचललीत, तळव्याला बोट लावून ती पाय ओढून घेते का बघितलंत आणि स्वयंपाकघरात गेलात. नळ सोडलात. त्या नळाखाली भांडं नव्हतं, हे मला पाठीमागून दिसत होतं. डॉक्टरांनी नंतर त्याला मोठं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. स्नायूंना ताकदच मिळत नाही, हळूहळू श्वासाचेही स्नायू थकतात. आईकडून एक आणि बापाकडून एक असं खराब जनुक एकाच मुलात आलं की असं होतं, म्हणाले. निलेश आणि मी दोघंही धडधाकट, पण दोघांच्याही अंगात ते लपलेलं. पुढच्या प्रत्येक खेपेला चारातल्या एकाला धोका. मी शाळेत गणित शिकवते. फळ्यावर किती वेळा सोडवलंय मी हे चारातलं एक.

काय डोळे होते पोरीचे! मान हलायची नाही, पण खोलीत कोण आलं, कोण गेलं, कुणी नवी साडी नेसली, सगळं टिपायची. तुम्ही तिच्यासमोर बसून मटार सोलायच्यात आणि एकेक दाणा तिला दाखवून टोपल्यात टाकायच्यात. ती हसायची. आवाज न होता हसायची. घशातला कफ ओढायचं मशीन मला लावायला भीती वाटायची, तुम्ही ते लावताना तिच्याशी सायखेड्याच्या बाजाराच्या गप्पा मारायच्यात. दुसरी दिवाळी तिला दिसली नाही.

त्यानंतर निलेशनं तिचं नाव घ्यायचं सोडलं. त्याला राग नाही हो माझा, जमतच नाही त्याला. तिचं नाव निघालं की तो गॅलरीत जातो. म्हणून तुम्ही आणि मी, दोघीच उरलो होतो. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना मध्येच तुम्ही म्हणायच्यात, "ओवीला हा रंग खुलला असता." मी म्हणायचे, "तिला कुठला नाही खुलायचा?" एवढंच. पण त्या एवढ्यावर माझा दिवस जायचा.

म्हणूनच त्या दिवशी तुम्ही एवढ्या चिडलात, त्याचं मला जास्त लागलं. कॉलेज रोडच्या डॉक्टर मॅडमनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. गर्भ बाहेर तयार करायचे, पाचव्या दिवशी प्रत्येकाच्या बाहेरच्या थरातल्या चार पेशी काढून तपासायला पाठवायच्या, आणि ज्यात हा आजार नाही तोच पोटात ठेवायचा. मी जेवताना तुम्हाला सांगायला लागले. "तपासून" हा शब्द ऐकला आणि तुमचा हात ताटातच थांबला.

"तपासून घेणार? माझ्या घरात?"

"आई, मुलगा-मुलगीचं नाही हो ते. ते सांगतच नाहीत. कायद्यानं बंदी आहे."

"सांगत नाय असं सगळेच म्हणायचे. तोंडानं नाय सांगायचे, नुसतं पेढे आणा का बर्फी आणा एवढं म्हणायचे. लय बघितलेत मी असले!"

ताट तसंच टाकून उठलात. अन्नावरून उठलेलं तुम्हाला मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. दवाखान्यांच्या भिंतीवर ती पाटी असते ना, इथे गर्भलिंग निदान केले जात नाही, ती तुम्ही कित्येक ठिकाणी भांडून लावायला लावली होतीत. तुमच्या लेखी गर्भाची तपासणी म्हणजे एकच गोष्ट होती, आणि ती गोष्ट तुमची सून करायला निघाली होती.

तुम्हाला तरी काय नावं ठेवू? बाहेर दुसरं काय चाललं होतं? आत्याबाईंनी फोनवर पहिला प्रश्न केला, "पोऱ्याच व्हई ना मंग?" मुलगाच होणार ना, एवढंच त्यांना हवं होतं. स्टाफरूममधल्या एकीनं खुर्ची जवळ ओढून विचारलं, "गोरा पण निवडता येतो का गं?" माझी आई म्हणाली, "जे करायचं ते गुपचूप करा, उद्या पोराला सोयरीक मिळायची नाही." एक शेजारीण म्हणाली, देवाच्या कामात हात घालू नये. चष्मा लावूनच म्हणाली. एवढ्या सगळ्यांत मला आजाराचं नाव कुणी विचारलं असेल तर शपथ.

तुम्ही मात्र ऐकीव गोष्टीवर थांबणाऱ्यातल्या नाहीत. मला न सांगता रिक्षा करून त्या दवाखान्यात गेलात आणि मॅडमची उलटतपासणी घेतलीत. मॅडम नंतर मला म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंसारखी तोंडी परीक्षा माझी कॉलेजातसुद्धा झाली नव्हती." घरी आलात, पदरानं मान पुसलीत, चहा मागितलात. अर्धा कप झाल्यावर म्हणालात, "समजलं मला. पोरगा-पोरगीचं नाय ते." माझा जीव भांड्यात पडला. पण तुमचं संपलं नव्हतं.

"मग आता मला एवढंच सांग. आपली ओवी त्या बशीत असती, तर तिला बाजूला काढलं असतं ना?"

मी साखरेचा डबा जागेवर ठेवायला वळले.

"म्हणजे ओवी नको होती आपल्याला."

आई, आजवर मला लोक नाही नाही ते बोललेत. पण असा घाव कुणी घातला नव्हता. मी म्हटलं, "मग काय करू? तसेच राहू देऊ दिवस, आणि तिसऱ्या महिन्यात तपासून नको म्हणू? पोटात वाढायला लागल्यावर मला नको म्हणता येणार नाही, आई. त्याआधीच कळू दे." तुम्ही म्हणालात, "मी तुला नको करू म्हटलं नाय. मी विचारलं फक्त." आणि कप विसळायला घेतलात. त्या विषयावर आपण एवढंच बोललो, आणि तो विषय नंतर रोज आपल्या दोघींच्या मध्ये बसून जेवायचा.

त्यात ते रक्ताचं आलं. खराब जनुक नेमकं कुठून कसं उतरलं, ते जुळवून बघायला ओवीचं रक्त लागणार होतं. तिचा नमुना संपला होता. मग आजी-आजोबांचं रक्त द्या म्हणाले. माझ्या आईबाबांनी गुपचूप येऊन दिलं. मामंजी तर कधीच गेलेले, राहिलात तुम्ही. तुम्ही सांगितलंत, "मला त्यात धरू नका." निलेशनं विचारलं, मी विचारलं. तुम्ही आपल्या देवघरातली पितळेची भांडी घासत बसलात. मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलले असेन! हट्टी म्हातारी हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द.

आणि मग सायखेड्याची ती बाई आली. तिची बाळंतपणं तुम्ही केलेली, आता तिची मुलगी बाळंत झाली होती. नात घेऊन आली, तुमच्या मांडीवर ठेवली. "नर्सबाई, मान धरत नाय हो. नजर लागली म्हणत्यात. उतरून टाकली, तरी धरत नाय." तुम्ही तळव्याला बोट लावलंत. मी दारात उभी होते, मला पुढचं बघवेना. तुम्ही तिला अगदी शांतपणे सांगितलंत, "नजर-बिजर काय नाय. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात ने. आणि हे बघ, पोरीच्या आईला कुणी बोल लावायचा नाय. तिचा काय दोष नाय, सांग घरी." चिठ्ठी लिहून दिलीत, रिक्षात बसवून आलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही साडी नेसून, पर्स काखेत मारून हॉलमध्ये उभ्या.

"चल."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? रक्त द्यायला. आणि तिथं त्या पोरीला सांग, माझी शीर डाव्या हाताला सापडते, उगं उजवा भोसकत बसू नको म्हणावं."

वाटेत मी विचारलं, "आई, मग पटलं का तुम्हाला?" तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "पटायचं नंतर बघू. आधी कळू तर दे." यापेक्षा जास्त तुमच्या तोंडून निघालं नाही.

बीजं वाढवायच्या सुया मला तुम्हीच टोचल्यात. पोटात रोजची इंजेक्शनं, मी डोळे मिटून घ्यायची आणि तुम्ही म्हणायच्यात, "झालं सुद्धा." मग दवाखान्यात बीजं काढली, गर्भ तयार झाले. घरी फुगलेलं पोट घेऊन मी लोळत पडले होते. तेव्हा तुम्ही कॅलेंडरापाशी जाऊन विचारलंत, "आज पाचवा ना गं?" मी हो म्हटलं. दिवेलागणीला स्वयंपाकघरात काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला. उठून बघते तर तुम्ही ओट्याखालचा पाटा-वरवंटा ओढून काढला होतात. मिक्सर आल्यापासून तो तिथे धूळ खात होता. तुम्ही तो धुतलात, पुसलात, हळदीकुंकू लावलंत, आणि समोर कोरा कागद आणि निलेशचं पेन ठेवलंत.

"आई! तुम्ही? तुम्ही तर जन्मभर हसलात या सगळ्याला!"

"हसले. अजून हसते. पण ती तिकडं काचेत पडलीत परक्यांत, आज कुणीतरी त्यांना टोचणार. घरच्यांनी काही करायला नको?" वरवंट्यावर फूल ठेवता ठेवता विचारलंत, "किती आहेत?"

"पाच."

तुम्ही पाच ठिकाणी गुळाचे खडे ठेवलेत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "सगळ्यांची करते मी. नंतर तुमचं काय निवडायचं ते निवडा. माझ्या लेखी पाचही जन्मली." मी भिंतीला टेकून रडले. तुम्ही रडू दिलंत. तुमचा गुळाचा हात माझ्या केसांना लागला, तो चिकटपणा दुसऱ्या दिवशी न्हाईपर्यंत तसाच होता.

रिपोर्ट आला. दोन बाधित, एकाचं काही कळलंच नाही, दोन ठेवण्यासारखे. आणि त्याबरोबर तुमच्या रक्ताचंही कळलं. निलेशमध्ये ते तुमच्याकडून उतरलं होतं. मी तुम्हाला सांगणारच नव्हते. पण तुमच्यापासून दवाखान्यातलं काही लपवायचं म्हणजे माशापासून पाणी लपवण्यासारखं. तुम्ही चष्मा लावून वाचलंत. "माझ्याकडून आलं होय," एवढंच म्हणालात. मी म्हटलं, "माझ्याकडूनही तेवढंच आलंय, आई. निम्मं निम्मं." तुम्ही मान हलवलीत. ऐकलंत का? सायखेड्याच्या बाईला ठणकावून सांगितलंत की आईचा काय दोष नाय. तेच स्वतःला सांगितलंत का? त्यानंतर तुम्ही मटार सोलताना ओवीचं नाव काढलं नाहीत, हे मला कळत होतं. मी म्हटलं, येतील पुन्हा बोलायला, थोडा वेळ देऊ.

तो वेळ काही मिळाला नाही. सकाळचा चहा झाला, छातीत जळजळतंय म्हणालात, आणि गाडी येईपर्यंत तुम्ही गेला होतात. दुसऱ्याच्या नाडीवर जन्मभर हात ठेवलात तुम्ही. तुमच्या मनगटावर माझा हात होता आणि मला काही लागत नव्हतं. लोक अस्थी घेऊन कुठून कुठून रामकुंडावर येतात, आम्ही घरातून चालत गेलो. परत येताना निलेश पुढे आणि मी मागे. रस्ताभर माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं.

आई, परवा मी मेथी निवडत होते. हातातली जुडी खाली ठेवून सहज म्हटलं, "ओवी आता शाळेत जायला लागली असती." आणि वर बघितलं. समोर आत्याबाई होत्या. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "गेलेल्याचं नको काढू बाई, तू आता पुढचं बघ." चांगल्या मनानंच म्हणाल्या. मी जुडी उचलली. तुम्ही गेलात ते गेलात, माझी पोरगी दुसऱ्यांदा गेली तुमच्याबरोबर. हे मी कुणाला सांगू? घरात दोन माणसं आहेत आणि दोघंही माझ्यावर माया करतात, तरी दिवसभर मला भिंतीशी बोलल्यासारखं होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आज देते. हो. ओवी त्या बशीत असती आणि मला सगळं आधी माहीत असतं, तर मी तिला उचललं नसतं. ते मशीन, ते निळे पडणारे ओठ, हे मी जाणूनबुजून तिच्या वाट्याला घातलं नसतं. आणि ओवी नको होती हे खोटं आहे. आत्ता कुणी दार वाजवून तिला तशीच, तेवढ्याच श्वासांची, माझ्या मांडीवर आणून ठेवली, तर मी बाकी कुणालाही नको म्हणेन. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. मी पुष्कळ जुळवून बघितल्या. गणितात असं झालं तर मी मुलांना म्हणते, कुठेतरी चुकलंय, पुन्हा सोडवा. इथे काही चुकलेलं नाही, ते असंच आहे. तुम्हाला हे माहीत होतं असं मला आता वाटतं. उत्तर काढायला नाही, माझ्या बरोबरीनं त्यात बसायला तुम्ही विचारलं होतंत.

आज सकाळी मी दवाखान्यात फोन करून तारीख कळवली. वर्षभर थांबणार नाही. आत्याबाईंना सांगितलं, त्यांनी तोंड वाकडं केलं आणि मग देवापुढे साखर ठेवली. निलेश म्हणाला, "मी रजा टाकतो." तुमचा शब्द नाहीच मिळाला, तो न घेताच जाणार आहे.

मूल झालं तर मी त्याच्यापासून काही लपवणार नाही. तुला एक मोठी ताई होती, तुझी पाचवी तुझ्या आजीनं जन्माआधीच केली, सगळं सांगेन. ऐकून ऐकून ते मोठं होईल, आणि एक दिवस मला विचारेल, "ताई जगली असती, तर मला आणलं असतं का?" हाच प्रश्न, दुसऱ्या बाजूनं. त्या दिवशी मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं, आई?